भंगाराचा धंदा सुरू करताय? आधी कागद, मग काटा

वहीतली ओळ अशी होती: ‘तांबं, १४ किलो, रोख.’ तारीख होती, रक्कम होती, पुढे काहीच नव्हतं. धंद्याचं पहिलं वर्ष. सकाळी शटर उघडून अर्धा तास झाला असेल, तोच पोलीस आले आणि त्यांच्यामागे एक शेतकरी. त्याच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली होती. कोपऱ्यात तारेचं जळकं भेंडोळं पडलं होतं. तो खाली बसला, तार हाताने चाचपत गेला, एका जोडापाशी थांबला आणि म्हणाला, “हा जोड मीच मारलाय.” प्लॅस्टिक जळून गेलं होतं, पण जोड तसाच होता.

मला विचारलं, कुणाकडून घेतलं? चेहरा आठवत होता. नाव नाही, गाव नाही, गाडीचा नंबर नाही. माल जप्त झाला, चौकशीच्या फेऱ्या झाल्या आणि चोर सापडला तेव्हा कुठे माझी सुटका झाली. त्या शेतकऱ्याचं पीक मात्र तेवढे दिवस पाण्यावाचून राहिलं, आणि ते अजून माझ्या मनातून जात नाही.

महाराष्ट्रात भंगाराचं दुकान किंवा गोदाम टाकू पाहणाऱ्या नव्या माणसासाठी हे लिहितोय. या धंद्यासाठी देशभर चालेल असा एकच परवाना नाही आणि एकच कायदाही नाही. महापालिका, वजनमापं, जीएसटी, प्रदूषण मंडळ, पोलीस, प्रत्येकाचं खातं वेगळं. पण सगळ्यांचे प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात: हा माल तुझ्याकडे आला कुठून? त्याचं उत्तर कागदावर देता आलं, तर बाकीचं सगळं निभावतं.

पहिली पायरी: जागा

भाडं परवडतं म्हणून जागा घेऊ नका. गावाच्या किंवा शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेचा वापर काय दाखवलाय, ते नगररचना कार्यालयात आधी बघा. निवासी भागात भंगाराची साठवण म्हणजे तक्रारीला आमंत्रण. शेतजमिनीवर पत्र्याची शेड ठोकून बसणारे पुष्कळ आहेत, पण अकृषिक वापराचा प्रश्न सुटलेला नसेल तर पुढचा एकही परवाना नीट मिळत नाही. भाडेकरार नोंदणी केलेला हवा आणि त्यात ‘धातूच्या भंगाराची खरेदी-विक्री व साठवण’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘व्यापारी वापर’ लिहिलं की उद्या मालक हात वर करतो.

महापालिका हद्दीत साठवणुकीचा परवाना लागतो. मुंबईत तो १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३९४ खाली येतो, राज्यातल्या इतर महापालिकांत १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ३७६ खाली. ग्रामपंचायत हद्दीत असाल तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आधी घ्या. मोठं गोदाम असेल तर अग्निशमन विभागाची परवानगीही लागेल. राज्याचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. ज्या जागांना तो लागू होतो, त्यांना आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. भंगारात रबर, तेलकट पत्रा, रंगाचे डबे असतात. एकदा पेटलं की तासन्‌तास विझत नाही, म्हणून हा कागद नुसता फाईलमध्ये लावून विसरू नका.

दुसरी पायरी: नोंदण्या

या पायरीत अवघड काही नाही, फक्त क्रम चुकवू नका. धंद्याच्या नावाने पॅन आणि चालू खातं. मग गुमास्ता, म्हणजे २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. माणसं थोडी असतील तर ऑनलाइन सूचना दिली की भागतं, जास्त असतील तर नोंदणी करावी लागते. व्यवसाय कराची नोंदणी करा. त्यात मालकाचा कर वर्षाला २,५०० रुपये, आणि पगारी माणसं ठेवलीत तर त्यांच्यासाठी वेगळी नोंदणी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते आणि २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही मिळते. तिच्यासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

सरकारी किंवा रेल्वेचा माल घ्यायचा विचार असेल तर एमएसटीसीच्या ई-लिलावासाठी आताच नोंदणी करून ठेवा. ही केंद्र सरकारची कंपनी १९६४ मध्ये धातूच्या भंगाराच्या व्यापारासाठीच स्थापन झाली. लिलावातल्या मालाला डिलिव्हरी ऑर्डर, बिल आणि गेट पास मिळतो. आला कुठून या प्रश्नाचं यापेक्षा पक्कं उत्तर नसतं.

तिसरी पायरी: काटा

काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का हवा. कायदा २००९ चा आहे. इलेक्ट्रॉनिक काटा आणि वे-ब्रिज (अख्खी गाडी तोलायचा काटा) दर बारा महिन्यांनी, तर लोखंडी वजनं दर चोवीस महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावी लागतात. पडताळणीचं प्रमाणपत्र काट्याच्या वर, येणाऱ्याला दिसेल असं लावा. नवा काटा घेताना परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिल जपा. दुरुस्तीसाठी सील तोडलं तर पुन्हा शिक्का मारून घेतल्याशिवाय त्यावर माल घेऊ नका.

हे मी कळकळीने सांगतो, कारण समोर उभी असलेली बाई दिवसभर कचरा वेचून आठ किलो पत्रा आणते. तिच्या अर्ध्या किलोवर हात मारणारा काटा कायद्याने गुन्हा आहे, आणि माणुसकीच्या बाजूने तर त्याहून वाईट.

चौथी पायरी: खरेदीची वही

आता मुद्द्याची गोष्ट. दुकानात सगळ्यांत महाग वस्तू कोणती, असं विचारलं तर मी या वहीकडे बोट दाखवीन.

पानं क्रमांक घातलेली, बांधलेली वही घ्या. सुट्या पानांची फाईल नको, कारण त्यातलं पान कधीही बदलता येतं, हे पोलिसांनाही ठाऊक असतं. संगणकावर ठेवत असाल तर रोजची प्रत छापून सही करून लावा. एक नोंद कशी असावी ते दाखवतो:

‘मंगळवार, सायंकाळी ५.२०. विकणाऱ्याचं पूर्ण नाव, राहण्याचा पत्ता, मोबाईल. मतदार ओळखपत्र पाहिलं, क्रमांक असा. छोटा टेम्पो, नंबर असा. माल: जुन्या घराच्या वायरिंगची तांब्याची तार, प्लॅस्टिकसकट, ११ किलो ४०० ग्रॅम. कुठून: घरमालकाने घर पाडायला काढलं, त्याची चिठ्ठी घेतली, नंबर असा. दर, रक्कम, यूपीआयने दिली, व्यवहार क्रमांक असा. विकणाऱ्याची सही. मालाचे दोन फोटो.’

लिहायला चार मिनिटं लागतात. ‘तांबं, १४ किलो, रोख’ लिहायला चार सेकंद लागली होती.

‘कुठून’ हा रकाना कधीच मोकळा सोडू नका. प्रश्न साध्या आवाजात विचारा: हे कुठलं काढलं? खरा माणूस लगेच सांगतो, उलट चार गोष्टी जास्तच सांगतो. ज्याला सांगता येत नाही तो चिडतो किंवा भाव कमी करतो. भाव आपण होऊन कमी होत असेल तर तिथेच थांबा. कायद्याची भाषाही तीच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ म्हणतं की माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटण्याला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि चोरीच्या मालाचा व्यवहार करण्याची सवयच असल्याचं सिद्ध झालं तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. ‘मला माहीत नव्हतं’ एवढं म्हणून भागत नाही. रात्री दहाला, निम्म्या भावात, ताजी जाळलेली तार घेतलीत तर संशय यायला कारण होतं की नव्हतं, हे न्यायालय ठरवतं.

याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२४ आहे. चोरीचा असावा असं वाटणारा माल तुमच्याकडे सापडला आणि तो कसा आला याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर त्यावरही शिक्षा होते. म्हणजे चोर सापडो न सापडो, खुलासा तुम्हीच द्यायचा.

ओळखपत्र मागितलं की गिऱ्हाईक तुटतं, असं जुनी माणसं सांगतात. सुरुवातीला दोन-चार जण तुटतात, हे खरं. पण ज्यांचा माल स्वच्छ आहे असे फेरीवाले आठवड्याभरात सरावतात. माझ्याकडे रोज येणाऱ्यांची मी एकदाच कार्डं करून ठेवली आहेत: नाव, फोटो, कोणत्या भागात फिरतो. रोज फक्त कार्डाचा क्रमांक लिहायचा. आधार घेतलंच तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत घ्या आणि कागद कुलपात ठेवा. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती टेबलावर उघडी पडता कामा नये.

माझी आणखी एक सवय आहे. तांबं, पितळ आणि ओळखता येईल अशी कोणतीही वस्तू मी आल्याआल्या कापत नाही, दुसऱ्या मालात मिसळत नाही. काही दिवस वेगळी, चिठ्ठी लावून ठेवतो. कुणी शोधत आला तर त्याची वस्तू त्याला धडधाकट मिळते. काट्यावर आणि दारावर सीसीटीव्ही लावा. सेकंडहँड वस्तू घेणाऱ्यांनी नोंदी ठेवाव्यात, कॅमेरे लावावेत, असे आदेश पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी अधूनमधून काढतात. तुमच्या ठाण्यात जाऊन सध्या कोणता आदेश लागू आहे ते विचारा आणि त्याची प्रत घ्या.

पाचवी पायरी: काय घ्यायचंच नाही

रेल्वेचा माल. रुळाचे तुकडे, फिशप्लेट, रूळ धरून ठेवणाऱ्या पेंड्रोल क्लिपा. यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, तपास रेल्वे सुरक्षा दल करतं. माल रेल्वेचा आहे आणि चोरीचा असल्याचा वाजवी संशय आहे एवढं दिसलं की तो कायदेशीर मार्गाने आला हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद, आणि खास कारण नसेल तर एक वर्षापेक्षा कमी नाही. तुमच्या जागेत दुसऱ्याने ठेवलेल्या मालाकडे जाणूनबुजून काणाडोळा केलात तरी जागेचा मालक म्हणून अडकता. रेल्वेचं भंगार लिलावातूनच घ्यायचं, आणि लिलावात घेतलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्या डिलिव्हरी ऑर्डरची प्रत घेतल्याशिवाय नाही.

विजेच्या तारा आणि डीपीतलं तांबं. वीज कायदा, २००३ चं कलम १३६ चोरणाऱ्यासाठी आहे आणि कलम १३७ खास विकत घेणाऱ्यासाठी, तीन वर्षांपर्यंत कैद. डीपी फोडली की तिच्यावर चालणाऱ्या साऱ्या मोटारी बंद होतात, पिकं वाळतात. खांबावरची जाड अॅल्युमिनियमची तार घराच्या वायरिंगमध्ये कधीच नसते, ती हातात आली की ओळखू येते.

गटाराची झाकणं, रस्त्याचे कठडे, नळाची मीटरं, स्मशानातल्या लोखंडी जाळ्या, मंदिरातल्या घंटा आणि समया. यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी मालकीची आहे आणि तिच्या जागी आता खड्डा आहे. झाकण गेलेल्या गटारात माणूस पडून मरतो. घ्यायचं नाही, विषय संपला.

घरगुती गॅसचे सिलिंडर तेल कंपन्यांच्या मालकीचे असतात, ग्राहकाला ते विकताच येत नाहीत. तोफगोळ्यासारखं, काडतुसासारखं काही आलं तर हात न लावता पोलिसांना फोन करा. २००४ साली गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत गोळे निघाले, स्फोटात कामगार मेले, आणि त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले.

जुनी गाडी अख्खी घेऊन तोडायची असेल तर साधं भंगाराचं दुकान पुरत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी तोडण्याचं काम नोंदणी असलेल्या वाहन स्क्रॅपिंग केंद्रानेच करायचं. तिथे गाडी चोरीची आहे का ते तपासतात, मालकाला जमा केल्याचं प्रमाणपत्र देतात, आणि चासी नंबरचा कापलेला तुकडा सहा महिने जपून ठेवतात. तुमच्याकडे कुणी नंबर घासलेलं इंजिन घेऊन आलं तर काय समजायचं ते सांगायला नको.

एक गोष्ट अशी आहे की ती डोळ्यांना दिसतच नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक यंत्र तोडलं गेलं. ते एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने लिलावात काढलेलं, वर्षानुवर्षं न वापरलेलं उपकरण होतं आणि त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. दुकानातल्या लोकांना किरणोत्सर्गाने भाजलं, केस गळले, एक जण मेला. माल कायदेशीर लिलावातला होता, कागद होते, आणि तरीही हे झालं. म्हणून दवाखाना, प्रयोगशाळा, कारखान्यातलं मोजमापाचं उपकरण यांचं भंगार आलं तर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखं चिन्ह शोधा. पिवळ्यावर काळं किंवा जांभळं असतं. शिशाचं जाड, आकाराच्या मानाने फार जड असं बंद भांडं असेल तर उघडू नका, कापू नका, माणसं लांब करा आणि पोलीस व अणुऊर्जा नियामक परिषदेला कळवा. आपल्या गॅस कटरवाल्या पोरांना हे चिन्ह छापून भिंतीवर लावून द्या. ती पोरं आपल्या भरवशावर कापत असतात.

सहावी पायरी: जीएसटी

नवा माणूस इथे सगळ्यांत जास्त गोंधळतो, आणि २०२४ पासून नियम बदलल्यामुळे जुन्या व्यापाऱ्याचा सल्लाही चुकतो.

धातूच्या भंगारावर जीएसटी १८ टक्के. राज्यातल्या राज्यात फक्त मालाची विक्री असेल तर वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेल्यावर नोंदणी बंधनकारक होते, परराज्यात विकायचं असेल तर पहिल्या रुपयापासून. माझं मत विचाराल तर गोदाम टाकणाऱ्याने पहिल्याच दिवशी नोंदणी करावी. कारखाने आणि मोठे व्यापारी बिलाशिवाय माल घेत नाहीत.

१० ऑक्टोबर २०२४ पासून दोन गोष्टी लागू झाल्या. पहिली, उलटा कर. नोंदणी नसलेल्या फेरीवाल्याकडून किंवा छोट्या दुकानदाराकडून तुम्ही, म्हणजे नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने, माल घेतला तर त्यावरचा जीएसटी तुम्ही भरायचा. समजा महिन्याभरात अशा लोकांकडून एक लाखाचा माल घेतला. १८,००० रुपये सरकारला रोख भरायचे, जमा असलेल्या क्रेडिटमधून, म्हणजे आधीच्या खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीतून, ते वळते होत नाहीत. भरल्यावर मात्र त्याचं क्रेडिट मिळतं आणि पुढच्या विक्रीच्या करातून ते वजा होतं. म्हणजे पैसे बुडत नाहीत, पण मधल्या काळात अडकतात. भांडवलाचा हिशेब मांडताना हे अडकणारे पैसे धरा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात माल घ्यायला हातात रोकड उरत नाही. अशा खरेदीचं बिल विकणारा देत नाही, ते तुम्हीच स्वतःच्या नावाने तयार करायचं, माल आल्यापासून ३० दिवसांच्या आत. इथे चौथ्या पायरीतली वही पुन्हा कामाला येते, कारण त्या बिलाला आधार तीच.

दुसरी गोष्ट, दोन टक्के टीडीएस. विकणारा आणि घेणारा दोघेही नोंदणीकृत असतील आणि सौद्याची रक्कम अडीच लाखांहून जास्त असेल, तर घेणाऱ्याने दोन टक्के कापून सरकारात भरायचे. रक्कम जीएसटी सोडून धरायची. पाच लाखांच्या मालावर दहा हजार कापले जातील. त्यासाठी टीडीएस कापणारा म्हणून वेगळी नोंदणी लागते आणि पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-७ हे विवरण. तुम्ही विकता तेव्हा तुमचे असेच कापले जातात, ते पोर्टलवर स्वीकारून आपल्या रोख खात्यात घ्यायचे असतात. ते न घेता पडू देणारे मी पाहिलेत. स्वतःचे पैसे आहेत, सोडू नका.

आणि आता खोटी बिलं. ‘माल नको, नुसतं बिल घे, दोन-तीन टक्क्यांत काम होईल’ असं सांगणारा माणूस पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या दारात येईल. त्याला बसायला खुर्चीसुद्धा देऊ नका. मालाशिवाय बिल फाडणं किंवा घेणं हा जीएसटी कायद्याच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे, आणि कराची रक्कम पाच कोटींच्या वर गेली तर पाच वर्षांपर्यंत कैद. शिवाय प्रामाणिकपणे माल घेऊनही विकणाऱ्याने कर भरला नाही तर तुमचं क्रेडिट अडतं. म्हणून नव्या व्यापाऱ्याकडून माल घेण्याआधी त्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून चालू आहे का, विवरणं भरतोय का ते पाहा, आणि त्याचं गोदाम एकदा डोळ्यांनी बघून या. वे-ब्रिजची चिठ्ठी, गाडीचा नंबर, बँकेतून दिलेले पैसे आणि बिल, चारही एकमेकांशी जुळले पाहिजेत. हे सगळं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचं.

सातवी पायरी: पैसे आणि गाडी

एका माणसाला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिलेत तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतलीत तर घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो. कारखान्यातून भंगार घेताना कारखाना बिलावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, लावतो, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणात वळता होतो. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून दर एप्रिलमध्ये सीएकडून चालू दर लिहून घ्या.

माल गाडीत चढवण्याआधी ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. परराज्यात ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. दर २०० किलोमीटरला एक दिवस धरून त्याची मुदत ठरते. गाडी बिघडून दुसऱ्या गाडीत माल भरला तर नंबर बदलायला विसरू नका. अडवलेली गाडी सोडवायला कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो.

आठवी पायरी: धूर, तेल, अॅसिड

नुसतं घेणं, निवडणं, दाबणं आणि विकणं वेगळं, आणि वितळवणं वेगळं. भट्टी लावायची असेल तर पाणी प्रदूषण कायदा, १९७४ आणि हवा प्रदूषण कायदा, १९८१ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यावी लागते, मशीन बसवल्यावर नाही. निवडण्याचंच काम असलं तरी मंडळाच्या स्थानिक कार्यालयात आपलं काम कोणत्या वर्गात बसतं ते लेखी विचारून घ्या.

तार जाळून तांबं काढू नका. त्या काळ्या धुरात डायॉक्सिनसारखी विषं असतात आणि पहिला श्वास तुमच्याच माणसाचा असतो. तार सोलायचं यंत्र घ्या, सोललेल्या तांब्याला भावही चांगला येतो. जुन्या बॅटऱ्या फोडून अॅसिड गटारात ओतणं २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांच्या विरुद्ध आहे. बॅटरी आहे तशी, उभी ठेवून, नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी जाते आणि लहान मुलांच्या डोक्यावर, वाढीवर परिणाम करते. संगणक, टीव्ही, मोबाईल यांना १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. बोर्ड अॅसिडमध्ये बुडवून सोनं काढायच्या फंदात कुणी पडू नये. जळकं तेल आणि रसायनाचे पिंप २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात. बंद पिंप गॅस कटरने कापणं तर सरळ स्फोटाला हात घालणं आहे.

तांबं, अॅल्युमिनियम, जस्त यांच्या भंगारावरही १ एप्रिल २०२६ पासून उत्पादकांची जबाबदारी ठरवणारे नियम लागू होतात. त्यामुळे तुमचा माल घेणारा पुढचा माणूस नोंदणीकृत आहे का, हे बघणं आता आणखी गरजेचं झालंय.

नववी पायरी: माणसं

चौदा वर्षांखालचं मूल कामाला नाही, आणि अठराच्या आतल्या मुलाला धोक्याच्या कामावर नाही. फेरीवाल्याबरोबर आलेलं पोर माल उचलू लागलं तरी त्याला बाजूला बसवा. लोखंडाची चढउतार करणाऱ्या हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. आपल्या जिल्ह्याच्या मंडळात मालक म्हणून नोंदणी लागते का ते सुरुवातीलाच विचारा, नाहीतर थकबाकीची नोटीस एकदम येते. हातमोजे, बूट, कटरवाल्याला गॉगल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन यांचा खर्च पहिल्या महिन्याच्या भांडवलातच धरा.

दहावी पायरी: पोलीस दारात आले तर

घाबरू नका, आवाज चढवू नका, आणि मुख्य म्हणजे माल हलवू नका. कोणत्या गुन्ह्याच्या तपासासाठी आलात, गुन्हा क्रमांक काय, हे विचारा. कागद मागण्याची लेखी नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली येते, चौकशीला हजर राहण्याची कलम ३५ खाली. संशयित माल जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना कलम १०६ ने आहे. पण झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ प्रमाणे व्हायला हवं आणि जप्त वस्तूंची यादी पंचांच्या सह्यांसह व्हायला हवी. तिची प्रत मागून घ्या. यादीत वजन तुमच्याच काट्यावर मोजून लिहायला लावा, ‘अंदाजे’ हा शब्द आला तर तिथेच सांगा.

वही मूळची दाखवा, पण आधी तिच्या त्या पानांचे फोटो काढून ठेवा. मूळ वहीच ताब्यात घेतली तर ती यादीत चढवून घ्या आणि त्याच दिवशी नवी वही सुरू करा, पहिल्या पानावर कारण लिहून. माल तुमचाच असल्याचे कागद असतील तर खटला चालेपर्यंत तो परत मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करता येतो, कलम ४९७ किंवा ५०३ खाली. वकील लागेल, पण फार वेळ लागत नाही.

आणि घेतलेला माल चोरीचा निघतोय असं तुम्हालाच कळलं, तर वाट बघू नका. त्याच दिवशी ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या, आणि विकणाऱ्याच्या नोंदीची प्रत सोबत जोडा. दोन वर्षांपूर्वी एका पितळी व्हॉल्व्हच्या पोत्याबाबत मी हेच केलं. व्हॉल्व्ह एका पाणीपुरवठा योजनेचे निघाले. पोतं त्याच संध्याकाळी गेलं, मी दिलेले पैसेही बुडाले. पण मला जबाबासाठी एकदाच जावं लागलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या वस्तीतल्या नळाला पाणी आलं.